दाताची कीड आणि हृदयाची झडप

(पाचगणी येथे पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाचगणीत आरोग्याविषयी बोलणे म्हणजे एका अर्थी घरच्याच विषयावर बोलणे आहे. हे गाव वसले तेच हवेसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉन चेसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने इथे झाडे लावली, बंगले उभारले आणि आजारी माणसांना विश्रांतीसाठी हे पठार योग्य आहे असे सरकारला पटवले. पुढे १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल एअर आरोग्यधाम स्थापन केले आणि क्षयाच्या रोग्यांना पाचगणीचे नाव आशेचे वाटू लागले. कोरडी, स्वच्छ हवा, भरपूर विश्रांती आणि सकस आहार हाच त्या काळी क्षयावरचा मुख्य उपाय होता. क्षयाला खऱ्या अर्थाने वेसण घातली ती नंतर आलेल्या औषधांनी. हवा चांगलीच असते, पण नुसत्या हवेवर विसंबून भागत नाही, हा या गावाचा अनुभव आहे.

आजचा विषय आहे दात आणि हृदय. प्रथमदर्शनी ही जोडी विजोड वाटेल. दातांचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा. दोघांचे दवाखाने वेगळ्या रस्त्यांवर आणि दोघांच्या फिया तर फारच वेगळ्या. आपल्या लोकांच्या मनात दातांचा संबंध जोडलेला असतो तो डोळ्यांशी. वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत अजूनही घराघरांत ऐकू येते. तिला काडीचाही आधार नाही. जो संबंध नाही त्याच्या भीतीने लोक किडलेला दात वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात आणि जो संबंध खरोखर आहे त्याची त्यांना वार्ताही नसते.

आरंभ एका साध्या प्रसंगाने करू. समजा, पंचावन्न-साठ वर्षांचे एक गृहस्थ वाईहून पसरणीचा घाट चढून इथे आले आहेत. संध्याकाळी ते टेबललँडच्या चढावर चालू लागतात. शंभर पावले गेल्यावर खालचा जबडा दुखू लागतो. थांबले की दुखणे थांबते, चालू लागले की पुन्हा सुरू होते. ते म्हणतात, "दाढ दुखते आहे, खाली गेल्यावर दाखवू." ही दाढ नसण्याची शक्यता मोठी आहे. श्रम केल्यावर येणारी आणि विसाव्याने जाणारी जबड्याची कळ हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. हृदयाच्या वेदना छातीतच जाणवतात असे नाही. त्या डाव्या हातात, मानेत, जबड्यात उतरतात. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तर छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. दाढेचे दुखणे चढण ओळखत नाही. ते रात्री गादीवर पडल्यावरही ठणकते, गार पाण्याने कळ मारते, चावताना जाणवते. हा फरक ध्यानात ठेवला तर एखाद्या घरातला कर्ता माणूस वाचेल. जबड्यातल्या दुखण्याबरोबर घाम, धाप किंवा मळमळ असेल आणि ते विसाव्यानेही थांबत नसेल, तर दंतवैद्याची वाट न धरता थेट रुग्णालय गाठावे.

पण हा झाला हृदयाचे दुखणे दातात भासण्याचा प्रकार. दातातले दुखणे हृदयात पोचते तो प्रकार निराळा, आणि आज बोलायचे आहे ते मुख्यतः त्याविषयी.

आपले हृदय म्हणजे चार कप्प्यांचा पंप. रक्त एकाच दिशेने जावे म्हणून त्यात झडपा असतात. निरोगी झडप गुळगुळीत असते, तिच्यावर जंतूंना पाय रोवता येत नाहीत. पण काही जणांच्या झडपा जन्मतःच सदोष असतात, काहींच्या आजारपणात खरखरीत होतात, काहींना शस्त्रक्रियेने कृत्रिम झडप बसवलेली असते. अशा झडपेपाशी रक्ताचा प्रवाह घुसळतो आणि तिथे रक्ताच्या बारीक गुठळ्यांचा पातळ थर धरतो. त्याच वेळी रक्तात जंतू आले तर ते या थरात घरटे करतात. याला हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुदाह म्हणतात. हे जंतू येतात कोठून? कधी त्वचेतून, कधी सलाईनच्या नळीतून, आणि फार मोठ्या प्रमाणात तोंडातून. दातांवरच्या चिकट थरात वस्ती करणारे स्ट्रेप्टोकोकस कुळातील काही जंतू या आजारातील जुने आणि अट्टल गुन्हेगार आहेत.

युरोपातील विख्यात संगीतकार गुस्ताव माहलर याच आजाराने गेला. त्याच्या झडपेत दोष असल्याचे १९०७ मध्ये डॉक्टरांना कळले होते. १९११ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये त्याला ताप येऊ लागला, रक्ताची तपासणी झाली आणि त्यात हेच स्ट्रेप्टोकोकस सापडले. निदान अचूक होते, पण उपाय नव्हता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. ते जंतू त्याच्या दातांतून आले की घशातून, हे कोणीच सांगू शकत नाही. पेनिसिलिन हाताशी आले ते १९४० च्या दशकात. तोपर्यंत हा आजार झालेला माणूस वाचणे जवळजवळ अशक्यच होते.

आज उपाय आहेत, पण आजार सौम्य झालेला नाही. चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते, अनेकांना झडप बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि एवढे करूनही रुग्णालयात दाखल झालेल्या साधारण पाच रुग्णांपैकी एक दगावतो. शिवाय हा आजार फसवा आहे. सुरुवातीला असतो तो बारीक ताप, रात्री घाम, भूक मंद, वजन कमी. आपल्याकडे अशा तापाला आधी टायफॉइड, मग मलेरिया, मग क्षय अशी नावे मिळत जातात. दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या घेतल्या की ताप उतरतो, गोळ्या संपल्या की परततो. त्या चार गोळ्यांमुळे रक्ततपासणीत जंतू सापडेनासे होतात आणि निदान आणखी लांबते. ज्याच्या झडपेत दोष आहे अशा माणसाला आठवडाभराहून अधिक काळ कारणाशिवाय ताप आला, तर कोणतीही गोळी घेण्यापूर्वी रक्ताची जंतुतपासणी व्हावी. हे वाक्य घरातील औषधांच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

जंतू तोंडातून रक्तात जातात हे सिद्ध कसे झाले? १९३५ मध्ये इंग्लंडमधील ओकेल आणि एलियट या संशोधकांनी दात काढल्यानंतर लगेच रुग्णांचे रक्त तपासले आणि निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात त्यांना जंतू सापडले. यावरून पुढे नियम पडला की झडपेचा दोष असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक घ्यावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये तशी सूचना प्रसृत केली आणि अर्धशतकभर ती जगभर पाळली गेली. मग २००७ मध्ये याच संस्थेने आपली सूचना बरीच आकुंचित केली. कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हा आजार होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषाचे काही गंभीर प्रकार असलेले अशा मोजक्यांनाच दंतोपचारापूर्वी औषध द्यावे, असे ठरले. ब्रिटनच्या संस्थेने २००८ मध्ये तर ते कोणालाच देऊ नये असे सांगितले. २०१६ मध्ये 'सरसकट देऊ नये' असा शब्दबदल करून डॉक्टरांच्या विवेकाला जागा ठेवली.

असे का व्हावे? कारण मोठे उद्बोधक आहे. अमेरिकेत २९० लोकांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध न घेता दात काढलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या रक्तात जंतू आढळले, औषध घेऊन दात काढलेल्यांत ३३ टक्के. आणि ज्यांनी नुसता ब्रश केला, त्यांच्यात २३ टक्के! दात काढण्याचा प्रसंग आयुष्यात चार-पाच वेळा येतो, ब्रश आपण रोज करतो, चावतो तर दिवसभर. म्हणजे रक्तात जंतू शिरण्याच्या संधी दवाखान्यातल्या खुर्चीपेक्षा घरच्या मोरीवर कितीतरी अधिक. याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. ब्रश करताना ज्यांच्या हिरड्यांतून सर्वत्र रक्त येते, त्यांच्या रक्तात जंतू सापडण्याची शक्यता सुमारे आठपट होती. यावरून कोणी ब्रश करणेच सोडू नये. हिरडी निरोगी असेल तर तोंडातले जंतू तोंडातच राहतात. हिरडी सुजून सैल झाली की तिच्या आतल्या बाजूला जखमांची झालरच तयार होते. हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांत ही रोगट कड मोजली तर तिचे क्षेत्रफळ आठ ते वीस चौरस सेंटिमीटर भरते. एवढी उघडी जखम हातावर असती तर आपण स्वस्थ बसलो असतो का? तोंडात असल्यामुळे ती दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही, म्हणून चालते.

आता पाचगणीच्या मुलांकडे वळू. हे निवासी शाळांचे गाव आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या संजीवन विद्यालयापासून अनेक शाळांतून देशभरची मुले इथे राहून शिकतात. मुलाची उंची, वजन, लसी, डोळे यांची नोंद शाळेत होते. दोन प्रश्न मात्र पालकांनी स्वतःहून सांगावेत असे आहेत. मुलाच्या हृदयात काही दोष सांगितलेला आहे का, आणि शेवटचे दात कधी तपासले?

पहिल्या प्रश्नाला आपल्या देशात विशेष अर्थ आहे. पाश्चात्त्य देशांतून जवळजवळ हद्दपार झालेला ऱ्हुमॅटिक ताप आपल्याकडे अजून आहे. पाच ते पंधरा या वयात घसा दुखतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे एकामागून एक सुजतात आणि बरे होतात. सांधे पूर्ववत होतात, पण हृदयाच्या झडपेवर जो ओरखडा उठतो तो राहतो आणि पुढच्या प्रत्येक तापात वाढतो. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. मूल घरी असते तेव्हा आई तारीख लक्षात ठेवते, वसतिगृहात ती कोणी तरी ठेवायला हवी. काही पालक शाळा प्रवेश नाकारील या भीतीने हा आजार लपवतात. भीती समजण्यासारखी आहे. पण लपवलेल्या आजाराचे मूल दाढ दुखते म्हणून तक्रार करते, वसतिगृहातील बाई त्याला वेदनाशामक गोळी देतात, आणि कोणालाही कल्पना नसते की या दाढेच्या मुळाशी साचलेला पू त्या मुलाच्या बाबतीत निव्वळ दाढेचा प्रश्न नाही. शाळांनीही असा आजार सांगणाऱ्या पालकाला दाराबाहेरची वाट दाखवू नये, तरच पालक खरे सांगतील.

दुधाचे दात पडायचेच आहेत, त्यांना कशाला जपायचे, हा आणखी एक गैरसमज. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या तर जंतूंना जागा देतात आणि अकाली पडल्या तर पक्क्या दातांची वाट वाकडी करतात. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे गुपचूप येते. अनेक आयांना ती दुधाचीच वाटते आणि ती किडून जाते.

आणि पाचगणीत गोडाचे काय बोलावे? देशातील बहुतांश स्ट्रॉबेरी या महाबळेश्वर-पाचगणी-भिलारच्या पट्ट्यात पिकते. फळाचा काही अपराध नाही, ताजे फळ खावेच. पण त्याच फळाचा जाम, सरबत, फळांच्या रसाच्या चघळायच्या गोळ्या आणि चॉकलेट यांची दुकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि रविवारी भेटायला आलेले आई-वडील वसतिगृहाच्या कपाटात त्याचा आठवड्याचा साठा ठेवून जातात. दातांच्या दृष्टीने किती गोड खाल्ले याहून किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे असते. प्रत्येक वेळी गोड तोंडात गेले की जंतू आम्ल तयार करतात आणि अर्धा-पाऊण तास दात त्या आम्लात भिजत राहतो. जेवणासोबत एकदा खाल्लेली मिठाई परवडते, दिवसभर चघळलेली गोळी परवडत नाही. रात्रीचा ब्रश चुकवू नये तो याच कारणाने. झोपेत लाळ कमी होते आणि दातांचा पहारेकरी रजेवर जातो.

येथपर्यंत सांगितले ते झडपांविषयी आणि ते वादातीत आहे. हृदयविकाराचा झटका येतो तो झडपेमुळे नव्हे, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यामुळे. त्याचाही दातांशी संबंध आहे का? इथे मात्र तोलून बोलले पाहिजे. फिनलंडमधील मातिला आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये झटका आलेल्या १०० रुग्णांची १०२ निरोगी लोकांशी तुलना केली, तेव्हा रुग्णांचे दात लक्षणीयरीत्या वाईट आढळले. १९९३ मध्ये अमेरिकेतील ९,७६० लोकांच्या पाहणीत हिरड्यांचा आजार असलेल्यांना हृदयविकाराचा धोका २५ टक्क्यांनी अधिक दिसला. २००७ मध्ये लंडनमधील १२० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या हिरड्यांवर कसून उपचार केले, तेव्हा सहा महिन्यांनी त्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचीकता इतरांपेक्षा सुधारलेली दिसली. हिरडीतील सततच्या दाहामुळे साऱ्या शरीरात दाह धुमसत राहतो आणि तो धमन्यांच्या अस्तराला बाधतो, अशी यामागची उपपत्ती आहे.

तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सारा पुरावा तपासून सांगितले की संबंध आहे, पण हिरड्यांचा आजार हे हृदयविकाराचे कारण आहे असे सिद्ध झालेले नाही आणि हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळतो असेही नाही. कारण दोन्ही आजारांची मुळे पुष्कळदा एकच असतात: तंबाखू, मधुमेह, वाढते वय, गरिबी. ही सावधगिरी अनाठायी नाही. वैद्यकाने या बाबतीत एकदा तोंड पोळून घेतले आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात भाषण करून कुजक्या मुळांवर सोन्याची टोपणे बसवणाऱ्या दंतवैद्यांवर कोरडे ओढले. मुद्दा रास्त होता. पण त्यातून असे वेड पसरले की संधिवातापासून मनोविकारापर्यंत साऱ्या रोगांचे मूळ दातांत आहे, आणि दोन-तीन दशके हजारो लोकांचे चांगले दात उपटले गेले. अखेर १९३८ मध्ये संधिवाताच्या २०० रुग्णांची तपासणी करून दाखवण्यात आले की दात काढून त्यांना काही लाभ झालेला नाही. आजही कोणी हृदयरोग बरा करण्यासाठी दात काढा म्हणू लागला तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. मधुमेहाच्या बाबतीत मात्र पुरावा अधिक ठाम आहे. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत. हिरड्यांवर उपचार केल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा थोडा का होईना खाली येतो.

तंबाखूचा उल्लेख आला, तेव्हा मशेरीविषयी बोलणे भाग आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, वाटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून किती मायबहिणींची सकाळ अशीच उजाडते! विडी ओढणाऱ्या पुरुषाला निदान आपण व्यसन करतो हे ठाऊक असते. मशेरी लावणारी बाई मात्र आपण दात घासतो असेच समजते, आणि मग तेच दात घासणे दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागते. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, पण घरच्या तव्यावर कोणता कायदा चालणार? निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. गरोदरपणी ते बाळापर्यंतही पोचते. तोंडाच्या कर्करोगाचे भय वेगळेच. कार्यकर्ते खेड्यांत जातात, घराघरांत चहा घेतात. त्यांनी आरोग्याचा एकच प्रश्न विचारायचा ठरवला तर तो मशेरीचा असावा, आणि तो विचारणारी भगिनी असेल तर उत्तर अधिक खरे मिळेल.

आपल्या परंपरेत दंतधावनाला दिनचर्येत अगदी पहिले स्थान आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात वड, रुई, खैर, करंज, अर्जुन यांच्या काडीने, हिरड्यांना इजा न होऊ देता दात घासावे असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी ही काडी कोणी चावू नये याचीही यादी आहे: अजीर्ण, ज्वर, खोकला, तोंड आलेले असणे, आणि हृद्रोग. हृदयाच्या रुग्णाला काडी वर्ज्य! हे वाचून आपल्या पूर्वजांना रक्तातले जंतू ठाऊक होते असा डंका पिटण्याचा मोह कोणालाही होईल. तो आवरावा. ग्रंथात तसे कारण दिलेले नाही आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय जंतू दिसत नाहीत. पण रुग्णाकडे बारकाईने पाहणाऱ्या वैद्याने ही नोंद केली, याचा आदर त्यामुळे कमी होत नाही. आजच्या हृदयरुग्णाने यातून एवढेच घ्यावे की मऊ ब्रश वापरावा, हिरडी खरवडू नये. दात घासणे मात्र दोन वेळा झालेच पाहिजे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. दात स्वच्छ करून घेतले की हलतात, असे लोक म्हणतात. वस्तुतः कीटणाच्या थराने आतली पोकळी बुजवलेली असते, थर निघाला की ती जाणवते. दात आधीच सैल झालेला असतो, स्वच्छतेने तो उघडकीस येतो एवढेच. झडपेची शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिच्यापूर्वी काही आठवडे दंतवैद्याकडून तोंड तपासून किडलेले दात भरून वा काढून घ्यावेत. मोठी रुग्णालये तसा दाखला मागतात. ज्यांना स्टेंट बसवला आहे किंवा जे रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या घेतात, त्यांनी दात काढण्यासाठी त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दाढेतून थोडे अधिक रक्त गेले तर ते दाबून थांबवता येते, स्टेंटमध्ये झालेली गुठळी तशी थांबत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगावे. खर्चाची अडचण असेल तर कराडला आणि सांगलीला दंत महाविद्यालये आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ अधिक लागतो, पैसे कमी. पाचगणीतील पालकांनी सुटीत मुलाला घरी नेल्यावर पहिल्या आठवड्यातच दंतवैद्याची वेळ घ्यावी. शेवटच्या आठवड्यात घेतली तर दाढ भरायला दुसरी खेप लागते, आणि तोवर शाळा उघडलेली असते.